कान बिघडलाय, मग अभ्यास मेंदूचा कशाला?

चिऊची आई, इचलकरंजी

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी, घरात तिला चिऊ म्हणतो, आता दोन वर्षं सात महिन्यांची आहे. जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. आमच्या मागच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचा कारखाना आहे. दिवसपाळी, रातपाळी, माग चालूच. पाहुणे आले की डोकं धरून बसायचे आणि चिऊ त्या खडखडाटात दोन-दोन तास गाढ झोपायची. "लई गुणाचं बाळ," असं गल्लीतल्या सगळ्या बायका म्हणायच्या. मलाही तेव्हा अभिमान वाटायचा, आता ते आठवलं की पोटात गोळा येतो. तेरा महिन्यांची असताना अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं. त्यातल्या डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीमागून वाटीवर चमचा वाजवला. चिऊ वळलीच नाही. बाईंनी परत वाजवला, मग माझ्याकडे बघितलं.

मिरजेला झोपेचं औषध देऊन बेरा ही ऐकण्याची टेस्ट झाली. दोन्ही कानांना नव्वद डेसिबलच्या खालचा आवाज पोचतच नाही. कानामागची मशीनं सहा-सात महिने लावून बघितली, फारसा फरक नाही. मग सरकारी योजनेतून पुण्याला उजव्या कानाचं कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत बसवायचं यंत्र, झालं, तेव्हा ती दोन वर्षं एक महिन्याची होती. स्विच ऑन, म्हणजे ते पहिल्यांदा चालू करून, आता पाच महिने झाले. भांडं पडलं की बघते. "चिऊ" म्हटलं की दहातल्या सहा वेळा वळते. दर बुधवारी एसटीनं कोल्हापूरला थेरपीला जातो.

गेल्या बुधवारी तिथे एक मुलगी आली होती, संशोधन करते म्हणाली. चिऊच्या डोक्यावर तारांची टोपी घालून पाऊण तास बसवायचं, आवाज ऐकवायचे आणि मेंदू काय करतो ते संगणकावर नोंदवायचं. संमतीपत्र घरी वाचायला दिलं. त्यावर ठळक अक्षरात "श्रवणदोष असलेल्या मुलांच्या मेंदूच्या विकासाचा अभ्यास" असं होतं. ह्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि घरात रडारड सुरू झाली. सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्याच. त्या म्हणाल्या, "कान गेलाय म्हणत हुतीस, आता मेंदूचं काय काढलंस? पोरगी खुळी हाय व्हय?" त्यात माहेरचे म्हणतात, आत्याच्या घरात दिली म्हणून असं झालं. हे म्हणतात, सही करू नकोस.

मला कुणीतरी नीट सांगा. दोष कानात आहे तर मेंदू कशाला बघतात? त्या टोपीनं काही अपाय होतो का? दुसरा कान तसाच सोडला तर चालतं का? आणि आधी एका ठिकाणी थेरपीला जायचो तिथे बजावलं होतं की खुणा अजिबात करायच्या नाहीत, मेंदूला खुणांचीच सवय लागते. मी सगळ्या खुणा बंद केल्या. आता तिला तहान लागली तरी मला कळत नाही. ती माझ्या छातीवर बुक्क्या मारते आणि रडते. मी बरोबर करतेय का?

जुनी ऑडिओलॉजिस्ट, पुणे

चिऊच्या आई, सगळ्यात आधी आत्यांना सांगा, पोरगी खुळी नाही. ऐकण्याचं मोठं काम मेंदू करतो, म्हणून तो शब्द त्या कागदावर आहे.

मी एकतीस वर्षं लहान मुलांचे कान तपासले. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तुमच्या आत्यांनी विचारलं तेच मला दर आठवड्याला कुणी ना कुणी आजी विचारायची, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

कानाच्या आतल्या शंखात साडेतीन हजारांच्या आसपास केसपेशींची एक रांग असते. आवाजाची बातमी कानाच्या नसेकडे पोचवायचं काम मुख्यतः त्यांचं. ज्या मुलांना इम्प्लांट बसवतात त्यांच्यातल्या बहुतेकांच्या ह्या पेशीच काम करत नाहीत. इम्प्लांटची तार त्यांना वळसा घालून थेट नसेला विजेचे बारीक टिचके देते. ती तार फार तर बावीस ठिकाणांहून टिचके देऊ शकते. साडेतीन हजारांच्या जागी बावीस. एवढ्या तोकड्या बातमीतून "चिऊ" कुठलं आणि "पिऊ" कुठलं हे निवडून काढायचं काम तिचा मेंदू करतोय. दहातल्या सहा वेळा ती वळते ना, ते श्रेय त्याचं आहे.

आणि वय मोजताना दोन वर्षं सात महिने धरू नका. पोटातलं बाळ सहाव्या-सातव्या महिन्यापासून आवाज ऐकायला लागतं. म्हणजे ऐकणारं मूल जन्मतं तेव्हा त्याचं दोन-तीन महिने ऐकून झालेलं असतं, आईचा आवाज ते ओळखतं. चिऊचा कान स्विच ऑनच्या दिवशी जन्मला. आमच्याकडे त्याला श्रवणवय म्हणतात. श्रवणवय पाच महिने. त्या हिशेबानं तिचं छान चाललंय.

आता मेंदू का बघतात ते. जंगलात पायवाट कशी पडते? माणसं चालत राहिली की ती मळते, आणि मळलेल्या वाटेनं चालायला वेळ कमी लागतो. आवाजाचं तसंच आहे. आवाज दिल्यावर मेंदूच्या श्रवणभागातून पहिली मोठी लाट किती वेळानं उठते हे डोक्यावरून मोजता येतं. त्या लाटेला पी-वन म्हणतात. ऐकणाऱ्या नवजात बाळात ती साधारण ३०० मिलिसेकंदांनी येते, तीन वर्षांच्या मुलात १२५ च्या आसपास, मोठ्या माणसात ६०. वाट मळत जाते तसा वेळ घटतो. अमेरिकेत अनू शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इम्प्लांट केलेल्या शंभरावर जन्मतः बहिऱ्या मुलांत ही लाट मोजली आणि २००२ साली ते काम छापलं. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांची लाट सहा-आठ महिन्यांत वयाला साजेशी झाली. सात वर्षांनंतर झालेल्या बहुतेकांची मागेच राहिली. मधल्या वयात काहींचं साधलं, काहींचं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा "जितकं लवकर तितकं बरं" एवढंच आम्ही पालकांना सांगायचो, ते का आणि किती लवकर, हे ह्या कामामुळे आकड्यात सांगता यायला लागलं. चिऊचं दोन वर्षं एक महिन्याला झालंय हे ध्यानात ठेवा आणि रात्री जरा झोपा.

ही वाट मळली नाही तर तिथली जागा रिकामी राहते का? नाही राहत. गावाकडे शेत पडीक दिसलं की शेजारी बांध कोरत कोरत आत येतो, तसं होतं. स्टीफन लोम्बर, अ‍ॅलेक्स मेरेडिथ आणि हॅनोव्हरचे आंद्रेय क्राल यांनी २०१० साली जन्मतः बहिऱ्या मांजरांवरचा एक प्रयोग छापला. ह्या मांजरांना नजरेच्या कडेची वस्तू आणि बारीकशी हालचाल ऐकणाऱ्या मांजरांपेक्षा सरस टिपता येत होती. मग त्यांच्या मेंदूच्या श्रवणभागातले ठरावीक तुकडे थंड करून थोड्या वेळापुरते बंद केले, आणि तो सरसपणा गेला. म्हणजे ऐकण्यासाठीची जागा बघण्याच्या कामाला लागली होती. तुम्हीच आठवून बघा, दाराशी कुणी आलं तर घरात सगळ्यात आधी चिऊलाच दिसतं की नाही? हे कमकुवत मेंदूचं लक्षण आहे का? जागा फुकट न घालवणारा मेंदू आहे तो. आत्यांना हे मांजराचं जरूर सांगा.

टोपीबद्दल. टोपी फक्त नोंद घेते, तिच्यातून डोक्यात काहीही सोडत नाहीत. हृदयाचा आलेख काढतात त्याच जातीचं काम. इम्प्लांट चालू ठेवून "बा" सारखा एकच आवाज शेकडो वेळा ऐकवतात, कारण एका वेळची लाट डोळ्यांच्या उघडझापेत आणि बाकीच्या हालचालीत बुडून जाते, शेकड्यांची सरासरी काढली की वर दिसते. चिऊ तेवढा वेळ आवाज बंद केलेलं कार्टून बघेल. इम्प्लांटच्या आत चुंबक असतो, म्हणून ह्या मुलांचा एमआरआय सहजासहजी काढता येत नाही. त्यामुळे जगभर ह्या टोप्यांवरच भर आहे. काही ठिकाणी तारांऐवजी प्रकाशाची टोपी वापरतात, ती कवटीतून मंद प्रकाश पाठवून कुठल्या भागात रक्तातला प्राणवायू जास्त पोचतोय ते बघते.

सही करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. थेट फायदा चिऊला होईलच असं नाही, हे मी लपवणार नाही. ह्या अभ्यासांचा उपयोग बहुतेक वेळा पुढच्या मुलांना होतो. शिकागो आणि हाँगकाँगच्या गटानं २०१८ मध्ये दाखवलं की ऑपरेशनच्या आधीचा एमआरआय बघून कुठलं मूल बोलणं ऐकण्यात किती पुढे जाईल याचा अंदाज बांधता येतो. ज्याला जड जाणार असं दिसतं त्याला पहिल्या दिवसापासून जास्त थेरपी द्यायची, हा त्यामागचा विचार. चिऊसारख्या मुलांच्या आयांनी कुठेतरी सही केली म्हणूनच हे कळलं. त्या मुलीला तीन गोष्टी मात्र जरूर विचारा: मधेच नको वाटलं तर थांबता येईल का, नाही म्हटलं तर थेरपीवर परिणाम होणार नाही ना, आणि चिऊची लाट तुम्हाला दाखवतील का. जाण्यायेण्याचं भाडं मिळतं का हेही विचारा, त्यात लाजायचं काही नाही.

दुसरा कान तसाच सोडू नका. टोरांटोच्या लहान मुलांच्या रुग्णालयात कॅरन गॉर्डन यांच्या गटानं २०१३ साली दाखवलं, की एका कानानं दीड वर्षापेक्षा जास्त काळ ऐकलं की मेंदू त्याच कानाचा होऊन बसतो. मग दुसऱ्या बाजूला इम्प्लांट केलं तरी तो कान मागे पडतो. आपल्याकडे बहुतेक घरांना एकच परवडतं, तेही योजना आहे म्हणून, आणि ही खंत मी नोकरीभर बाळगली. तुमच्या हातात एवढं आहे: डाव्या कानाचं जुनं मशीन कपाटात टाकलं असेल तर बाहेर काढा, पुढच्या मॅपिंगला (इम्प्लांटची सेटिंग जुळवायला बोलावतात तेव्हा) घेऊन जा, आणि डाव्या कानात थोडंसं तरी उरलंय का ते तपासायला सांगा. उरलं असेल तर ते मशीन रोज लावा. आणि दुसऱ्या इम्प्लांटच्या मदतीसाठी ट्रस्टांकडे अर्ज आत्तापासून करा, चार वर्षांनी नाही.

माहेरच्यांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. जन्मतः बहिरेपणाचं एक मोठं कारण म्हणजे कनेक्सिन २६ नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला बिघाड. भारतात त्यातला डब्ल्यू-२४-एक्स हा बदल सगळ्यात जास्त सापडतो. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तर मूल बहिरं होतं. नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते हे खरं, पण नात्याबाहेरच्या जोडप्यांनाही अशी मुलं होतात, मी शेकड्यांनी पाहिली आहेत. ह्या प्रकारात बिघाड सहसा कानापुरताच असतो. चिऊचं कारण हेच आहे की दुसरं, ते रक्ततपासणीशिवाय कळणार नाही. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी तो सल्ला घ्या. कुणाचा दोष ठरवायला मात्र घेऊ नका.

खुणांबद्दल लिहायला बसले तर पहाट होईल. उद्या लिहिते.

आबा, पाटण

पोरी, माझ्या नातवाचं इम्प्लांट तीन वर्षांचा असताना झालं, आता दुसरीत आहे. मॅडमनी मेंदूचं सांगितलं, मी फक्त घरातलं सांगतो.

मशीन डोळा उघडल्यापासून डोळा मिटेपर्यंत कानावर पाहिजे. आम्ही पहिले चार महिने "रडतोय, राहू दे" म्हणून काढून ठेवायचो, ते आमचं चुकलं. आमच्याकडे पाऊस फार, दमटपणानं मशीन बंद पडायचं. रात्री ड्राय बॉक्समध्ये ठेव. रोज सकाळी मशीन लावलं की तोंडासमोर कागद धरून आ, ई, ऊ, म, स, श हे सहा आवाज म्हणायचे आणि तो ऐकल्यावर डब्यात एक चिंचोका टाकायचा. एखाद्या दिवशी "श" ला चिंचोका पडला नाही की समजायचं, मशीनकडे बघायला पाहिजे.

आणि दिसेल त्या आवाजाला कानाशी बोट नेऊन "ऐकलंस? काय वाजलं?" विचारायचं. मी त्याला गोठ्यात नेऊन म्हैस, पत्र्यावरचा पाऊस, पाण्याची मोटर, सगळं दाखवून ऐकवलं. धाकटी नात झाली तेव्हा दवाखान्यातून घरी सोडायच्या आधीच ओएई, म्हणजे तान्ह्या बाळाच्या कानाची तपासणी, करा म्हणून मी अडून बसलो. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्याच्या आत उपचार, हे मला आता पाठ आहे. तिला ऐकू येतं.

नाशिकहून, कर्णबधिर

मॅडम, तुमचं सगळं वाचलं. छान लिहिलं. एक बोलते.

"सात वर्षांनंतर झालेल्या बहुतेकांची मागेच राहिली." ती मी आहे.

माझं ऑपरेशन आठव्या वर्षी झालं. पैसे जमायला तेवढा वेळ लागला. आईनं पाटल्या विकल्या. सगळ्यांना वाटलं आता मी बोलणार. मला कुकरची शिट्टी ऐकू येते. स्कूटरचा हॉर्न येतो. माणसाचं बोलणं येतं, पण शब्द वेगळे होत नाहीत. पीठ, पाणी, मीठ एकदा मळलं की परत वेगळं करता येत नाही, तसं. थेरपीत मला हातांवर बसवायचे, हात हलू नयेत म्हणून. मी हातांवर बसून समोरच्याचे ओठ बघायची. नऊ वर्षं. मला वाटायचं माझ्यात काहीतरी कमी आहे.

सतराव्या वर्षी एका कोर्सला गेले, तिथे सगळे खुणांनी बोलत होते. भारतीय सांकेतिक भाषा. पहिल्या महिन्यात मला फक्त बघत बसावंसं वाटायचं. तिसऱ्या महिन्यात मी पहिल्यांदा एका मैत्रिणीशी भांडले. नीट, मुद्दे मांडून, "तू काल असं म्हणालीस, म्हणून मी असं केलं." त्याआधी मी फक्त रडून किंवा वस्तू फेकून भांडायचे. चिऊ आईच्या छातीवर बुक्क्या मारते, ते वाचून मला माझं लहानपण दिसलं.

मी आता कॉम्प्युटरवर नोंदींचं काम करते, पगार आहे. मराठी वाचते, लिहिते. आई पन्नाशीत खुणा शिकतेय. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा दहा हजारांहून जास्त शब्दांचा कोश आहे, त्याचे व्हिडिओ ती मोबाईलवर बघते. परवा तिनं मला विचारलं, लहानपणी मला कशाची भीती वाटायची. असं तिनं आजपर्यंत विचारलं नव्हतं, कारण विचारायला शब्दच नव्हते आमच्यात.

चिऊच्या आई, मशीन लावा. थेरपी करा. मला ते दोन वर्षांची असताना मिळालं असतं तर मी घेतलं असतं. पण तिला पाण्याची खूण आजच द्या.

जुनी ऑडिओलॉजिस्ट, पुणे

नाशिकच्या ताई, वाक्य सुधारून घेते. मागे राहिली ती कानाची वाट. तुम्ही नव्हे. मी ते तसं लिहायला नको होतं, निदान मी तरी.

माझा धाकटा भाऊ बहिरा आहे. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, मुलगे उशिरा बोलतात, थांबा. पाचव्या वर्षी निदान झालं. शर्टाच्या खिशात डबी, तिच्यातून कानाला वायर, तसलं मशीन मिळालं. त्यातून त्याला फारसं कळायचं नाही. शाळेत खुणा केल्या की पट्टी बसायची, पण वसतिगृहात रात्री दिवे गेल्यावर मोठी मुलं कंदिलाच्या उजेडात खुणांनी गोष्टी सांगायची. तिथे तो भाषा शिकला. त्यानं मला नंतर सांगितलं, की माणसांना नावं असतात हेच त्याला नऊ वर्षांचा होईपर्यंत माहीत नव्हतं. आम्ही त्याला रोज हाक मारत होतो. स्वतःचं नाव नसलेला तो आमच्या घरात नऊ वर्षं राहिला. मी ह्या विषयात आले ती त्याच्यामुळे.

म्हणून चिऊच्या आईंना स्पष्ट सांगते: खुणा केल्यानं मेंदू बिघडतो, ह्याला पुरावा नाही. मेंदूला भाषा हवी असते. लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी १९९१ साली दाखवलं, की ज्या बहिऱ्या बाळांचे आईवडील खुणांची भाषा बोलतात ती बाळं हातांनी बोबडं बोलतात. आपली बाळं "बा-बा-बा" करतात तशी तीच तीच हालचाल, ठेक्यात, काही अर्थ नसलेली. पुढे २०१७ साली मॅथ्यू हॉल आणि सहकाऱ्यांनी तपासलं, की बहिऱ्या मुलांना लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं जड जातं असं म्हणतात ते ऐकू न आल्यानं होतं का. जन्मापासून खुणांची भाषा मिळालेल्या मुलांत तसं काही आढळलं नाही. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण भाषा होती.

दुसरी बाजूही सांगते. त्याच २०१७ साली अ‍ॅन गिअर्स यांच्या गटाचा अभ्यास आला. घरी खुणा न वापरणाऱ्या इम्प्लांटच्या मुलांचं बोलणं पुढे गेलं होतं, असं त्यात दिसलं. त्यावर जोरदार वाद झाला. त्यातले आईवडील ऐकणारे होते, खुणा नव्यानं शिकलेले, मुलांना अस्खलित भाषा मिळालीच नव्हती, असा एक आक्षेप होता आणि मला तो पटतो. बहिऱ्या आईवडिलांच्या इम्प्लांट झालेल्या मोजक्या मुलांवरचा २०१४ चा अभ्यास बघा. ती मुलं खुणा आणि बोलणं दोन्हीत छान होती. माझ्याच क्षेत्रातले काही जण मला इथे चूक म्हणतील. म्हणू देत.

तर चिऊला पाण्याची खूण द्या, आणि खूण करताना तोंडानं "पाणी" म्हणा, उजव्या कानाच्या बाजूनं, जवळून. एकीकडे मशीनही दिवसभर चालू राहू द्या. अमेरिकेतल्या सहा केंद्रांतल्या १८८ मुलांवरचा अभ्यास २०१० साली छापला गेला. लवकर इम्प्लांट झालेली मुलं पुढे होतीच, पण आईवडील मुलाशी कसं बोलतात, खेळतात, त्याच्या कलानं घेतात, यानंही मोठा फरक पडला होता. तुमच्या एसटीच्या दोन तासांत तुम्ही खिडकीतलं जे जे तिला सांगाल ते थेरपीच आहे.

चिऊची आई, इचलकरंजी

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू? तीन आठवडे झाले, कळवायचं राहिलं.

तुमचं सगळं मी आत्यांना वाचून दाखवलं. मांजराचं दोनदा वाचायला लावलं. नाशिकच्या ताईंचं वाचताना त्या काही बोलल्या नाहीत, उठून चिऊजवळ जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर अंगठा ओठांशी नेऊन चिऊला "पाणी, पाणी" करून दाखवत होत्या. चिऊनं चौथ्या दिवशी ती खूण केली. आता पाणी, दूध, मांजर, पुरे, आणि आजी. आजीची खूण तिनं स्वतःच काढलीय, कपाळावर बोट टेकवते, कुंकवाच्या जागी. बुक्क्या कमी झाल्या. आणि गेल्या आठवड्यात खूण करताना तोंडातून "पा" आलं. ह्यांनी ऐकलं, मी एकटीनंच नाही.

सही केली. तीन गोष्टी विचारल्या, तिन्हींना त्या मुलीनं नीट उत्तर दिलं, भाडंही मिळालं. आत्या बरोबर आल्या होत्या. टोपीतली जेल थंड लागली तेव्हा चिऊ थोडी कुरकुरली, मग कार्टून बघत बसली. शेवटी त्या मुलीनं आम्हाला लाट दाखवली. छोटा डोंगर होता. वयाच्या मानानं अजून उशिरा येतेय, पण आहे, आणि सहा महिन्यांनी परत बघू म्हणाली. आत्यांनी त्या डोंगरावर बोट ठेवून विचारलं, "हे तिला ऐकू आल्यालं व्हय?" ती हो म्हणाली.

डाव्या कानाचं मशीन परत लावतोय. तिथे थोडं उरलंय म्हणाले, खालच्या पट्टीतलं. दोन ट्रस्टना अर्ज पाठवलेत.

आणि परवाची गोष्ट. दुपारी चिऊ फरशीवर डबे मांडत बसली होती. लाईट गेली. मागच्या कारखान्यातले सगळे माग एकदम थांबले. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, सवयीचं आहे. चिऊनं हातातला डबा खाली ठेवला, मागच्या भिंतीकडे बघितलं आणि कानाला बोट लावून माझ्याकडे वळली.

आबा, चिंचोक्यांचा डबा केलाय. "स" ला अजून पडत नाही. मॅपिंग पुढच्या सोमवारी आहे, तेव्हा सांगू का, की आधीच फोन करू?

आबा, पाटण

आजच फोन कर.